वारा अचानक आला नव्हता

विमल आगाशे यांच्यावर अन्याय झाला तो १९८९ च्या फेब्रुवारीतल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, न्यूयॉर्क राज्यातल्या एका बंद पडलेल्या स्कीच्या टेकडीवर. अन्याय करणारे चार जण होते. चौघंही मराठी, चौघंही भरपूर शिकलेले, आणि चौघांनीही त्या सकाळी काकूंच्याच हातची थालीपिठं खाल्ली होती. त्या चौघांतली एक मी.

ही श्रद्धांजली नाही. काकू हयात आहेत, पार पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमाँटला मुलाकडे राहतात, तब्येत ठणठणीत आहे. उगाच कुणी हळहळू नये. हळहळण्यापेक्षा एक काम करायचं आहे, ते शेवटी सांगते.

काकूंची माझी ओळख झाली ती भांडणातून. मी इथे शिकायला आले त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, शाळेच्या कॅफेटेरियाच्या दाराशी उभी राहून पत्रकं वाटत होते. मोटेलांत खोल्या साफ करणाऱ्या बायकांबद्दलचं पत्रक. येणारा प्रत्येक जण ते घेई आणि घडी करून त्यात शंकरपाळे ठेवी. एकच बाई दाराशी उभी राहून पूर्ण वाचत होती. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, साडीवर नवऱ्याचा जाडजूड पार्का कोट, पायात पुरुषी बूट.

"'सर्व मोटेलांत' लिहिलंयस. किती पाहिलीस?"

"तीन," मी म्हणाले. "पण सगळीकडे हेच चालतं."

"तीन पाहिलीस तर तीन लिही बाबा. तीन पुरेत. 'सर्व' लिहिलंस की कुणीही एक बरं मोटेल दाखवेल आणि तुला खोटी पाडेल. मग त्या बायकांचं काय?"

पर्समधून पेन काढून त्यांनी माझ्या पत्रकातल्या 'सर्व'वर एक आडवी रेघ मारली. एकच, आणि हलकी. वर 'तीन' लिहिलं. बाजूला छोटी सही केली. मी चिडून म्हटलं, "नीट खोडा तरी." तर म्हणाल्या, "खोडायचं नसतं. आधी काय लिहिलं होतं ते खाली दिसलं पाहिजे. नाहीतर चूक झाली होती हे कळणार कसं?"

हे वेधशाळेचं वळण होतं. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं काकू पुण्याला वेधशाळेत निरीक्षक होत्या. ठरलेल्या वेळी गच्चीवर जायचं, आकाश पाहायचं, वारा पाहायचा, पाहिलं तेवढंच लिहायचं. वहीत खोडरबर चालत नसे. इथे आल्यावर त्यांचं ते ज्ञान कुणाला नको होतं. एका विमा कंपनीत त्या दिवसभर लोकांचे पत्ते टाइप करत. पण वही सुटली नव्हती. निळ्या पुठ्ठ्याची वही, वेळेचा रकाना, पुढे दोन ओळी. एडिसनच्या आपल्या घराच्या मागच्या पायरीवर उभं राहून, एका हातातला मोजा काढून, गाल थोडा वर करून त्या वारा घेत. घेत म्हणजे अक्षरशः घेत, भाजीवाल्याकडून कोथिंबीर हातात घेऊन पाहावी तसा.

त्यांना "आज छान दिवस आहे" म्हटलेलं खपत नसे. "छान कुणासाठी?" असा प्रश्न येई. "पाऊस पडेल का?" या प्रश्नाला "शक्यता आहे" यापुढे उत्तर मिळत नसे. गाडी ताशी पंचावन्न मैलांच्या वर कधी गेली नाही. मागचे लोक हॉर्न वाजवत, बोटं दाखवत पुढे जात, आणि काकू म्हणत, "जा बाबा, तुला घाई आहे, मला नाही." लांबच्या प्रवासात फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपिठं त्या डॅशबोर्डवर, काचेवरचं धुकं घालवणाऱ्या गरम झोतावर ठेवत. दोन तासांनी सगळ्या गाडीला भाजणीचा वास यायचा आणि आमचे आवाज आपोआप खाली यायचे.

आता छत्रीबद्दल. आमच्यातला अजित टेलिफोन कंपनीत इंजिनिअर. कामासाठी फ्रान्सला गेला होता, तिथे त्याने डोंगरावरून धावत जाऊन कापडी पंखाखाली उडणारे लोक पाहिले. येताना तसला एक पंख आणि चार दिवसांचं शिक्षण घेऊन आला. इकडे तेव्हा हे फार थोड्यांनी पाहिलं होतं. आम्ही त्याला छत्रीच म्हणायचो. उदय, म्हणजे रेसिडेन्सी करणारा आमचा डॉक्टर, तो वेडाच झाला. त्याची बायको स्मिता, मी आणि हे दोघं, असा गट जमला. बर्फ पडलं की टेकडी मऊ होते, पडलं तरी लागत नाही, असं अजितचं म्हणणं. काकूंना घेतलं ते त्यांची स्टेशन वॅगन मोठी होती म्हणून. हे मी लपवत नाही. आम्हाला गाडी हवी होती, वाऱ्याचं ज्ञान गाडीबरोबर फुकट आलं.

पहिल्या खेपेलाच काकूंनी विणकामाच्या पिशवीतून लाल लोकरीचा हातभर धागा तोडला आणि स्कीच्या काठीच्या टोकाला बांधला. काठी बर्फात रोवली. "हा बघायचा. हा तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पण त्याला फक्त त्याच्या जागेचंच ठाऊक असतं, हेही लक्षात ठेवा." मग घडीची खुर्ची उघडून त्या बर्फात बसल्या आणि उरलेल्या लोकरीचा मफलर विणू लागल्या. दर थोड्या वेळाने मोजा काढून, गाल वर. वहीत दोन ओळी. त्या "हो" म्हणाल्या की उदय धावायचा, छत्री डोक्यावर भरायची, आणि तो आमच्या पायांखालून निघून खालच्या शेताच्या टोकाला, कुंपणाजवळ अलगद उतरायचा. वर येताना धापा टाकत ओरडायचा, "काकू, तुम्ही पण या यार!" काकू म्हणायच्या, "मी खालूनच बरी. कुणीतरी पाहायला नको?"

जानेवारीतली एक खेप सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिथून आलं. साडेतीन तास गाडी चालवून पोचलो. काकूंनी आकाश पाहिलं आणि म्हणाल्या, "आज नको. दुपारपर्यंत जोर धरेल." आम्ही फुगून बसलो. दुपार झाली, वारा पडूनच राहिला. लोकर काठीला चिकटून लोंबत होती. उदय म्हणाला, "काकू, तुमच्या वाऱ्याने आज कॅज्युअल लीव्ह घेतली का?" सगळे हसलो. काकूही हसल्या. मग वही उघडून त्यांनी लिहिलं ते मी डोकावून पाहिलं: 'माझा अंदाज चुकला. वारा आला नाही.' खाली सही.

परतताना गाडीत काकू समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "'नको' म्हणणं चुकलं तर काय होतं? सगळे जेवायला घरी पोचतात. एवढंच होतं."

मला ते वाक्य तेव्हा जरा बाळबोध वाटलं होतं.

आणि आता तो रविवार.

ऊन पडलं होतं. थंडी अशी की नाकातले केस कडक व्हावेत. मधल्या आठवड्यात बर्फ थोडं वितळून पुन्हा गोठलं होतं, बुटाखाली काचेसारखं करकरत होतं. आम्ही उडायचो ती जागा माथ्याच्या जरा खाली होती, तिच्या वर पाइनची रांग. अजितने काठी रोवली. लाल लोकर सुरेख हलत होती, दरीकडून आमच्याकडे, अगदी समोरून. उडायला लागतो तसाच वारा. उदयने छत्री पसरायला घेतली.

काकू खुर्ची उघडून बसल्या नाहीत. काठीकडे पाठ करून उभ्या होत्या आणि वर, पाइनच्या शेंड्यांकडे पाहत होत्या. मग खाली, शेतातल्या बर्फावर. मग पुन्हा वर. वही काढली, लिहिलं. घड्याळात अकरा वीस झाले होते.

"आज नको," त्या म्हणाल्या.

"का हो काकू?" अजित म्हणाला. "लोकर बघा ना. टेक्स्टबुक विंड आहे."

"लोकर समोरून सांगतेय. पण त्या शेंड्यांवरचं बर्फ बघ, कुठे उडतंय. ढगांच्या सावल्या बघ शेतावर, कुठून कुठे पळतायत. खरा वारा डोंगराच्या पाठीमागून येतोय बाबा. तो वरून जातो आणि इथे खाली वळून उलटा येतो. ओढ्यात मोठा दगड असला की त्याच्या मागे पाणी उलटं फिरतं ना, तसं. आपण त्या भोवऱ्यात उभे आहोत. इथे गोड वाटतंय. उदय वर गेला की हाती काही लागणार नाही त्याच्या."

किती सोपं सांगितलं होतं. कॉलेजात शिकणाऱ्या पोरीला कळेल असं. मला कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे: मला कळलं होतं.

वीस मिनिटं वाद चालला. अजित म्हणाला, "तुमचीच लोकर आहे काकू, तुमच्याच लोकरीवर तुमचा विश्वास नाही?" उदय म्हणाला, "मागच्या वेळी पण तुम्ही असंच म्हणाला होतात." काकू म्हणाल्या, "म्हणाले होते. चुकले होते. आजचं आज बघ." स्मिता म्हणाली, "मला थंडी वाजतेय, काय ते ठरवा."

तेव्हा अजितने जे केलं ते आपणच करू जाणतो. अजित मंडळाचा सेक्रेटरी. आमच्या मंडळात गणपतीला मोदक उकडीचे की तळणीचे हेसुद्धा हात वर करून ठरतं, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. तो बर्फात सरळ उभा राहिला, हातमोजे एकमेकांवर आपटले आणि म्हणाला, "ओके. वाद नको. डेमोक्रसी आहे. मताला टाकू. उडायचं, असं कुणाला वाटतं?"

वाऱ्यावर मत घेतलं आम्ही. पाच माणसांनी, डोंगराच्या पाठीवर उभं राहून, वारा कुठून येतो याचा निकाल बहुमताने लावायचं ठरवलं. अजितचा हात वर गेला. उदयचा गेला. स्मिताने उदयकडे पाहिलं आणि तिचाही गेला. आणि माझा.

मी बायकांच्या आवाजाबद्दल पत्रकं लिहिणारी. 'तिचं ऐकून घ्या' असं मोठ्या टायपात छापणारी. मला कुणी धमकावलं नव्हतं. तिघांचे हात वर होते आणि माझा एकटीचा खाली असता, एवढंच. शिवाय साडेतीन तासांचा प्रवास पुन्हा वाया गेला असता. कारणं एवढीच होती, याहून मोठी नव्हती.

काकूंनी चारही हात मोजले. खरंच मोजले, मान हलवत. मग वहीत लिहिलं. "काकू, आता तुम्ही थालीपिठं गरम ठेवा, आम्ही आलोच," अजित हसत म्हणाला. काकूंनी वही पार्कात ठेवली, मफलर पिशवीतून काढून हातात घेतला आणि उतारावरून खाली चालायला लागल्या. मला वाटलं, रागावून गाडीकडे निघाल्या. त्या गाडीकडे निघाल्या नव्हत्या.

उदय धावला. छत्री इतकी सुंदर भरली की स्मिताने टाळी वाजवली. तो वर गेला, नेहमीपेक्षा वर, आणि "आहा!" असं ओरडला. ती ओरड मध्येच तुटली. छत्रीची उजवी बाजू मिटली, कुणी रुमालाची घडी घालावी तशी. तो गिरकी घेत, झाडाच्या उंचीवरून, त्या काचेसारख्या बर्फावर पडला. आवाज लहानसाच झाला. आम्हा चौघांपैकी तिघं वरच उभे.

काकू त्याच्यापासून वीसेक पावलांवर होत्या. उदय उडायच्या आधीच त्या तो पडेल त्या दिशेने निघाल्या होत्या.

आम्ही घसरत पोचलो तेव्हा त्या गुडघे टेकून त्याचं डोकं दोन्ही हातांत स्थिर धरून बसल्या होत्या. पार्का त्याच्या अंगावर होता, मफलर मानेशी. त्या साडी आणि स्वेटरवर. "कुणी हलवायचं नाही त्याला. अजित, ते लाल कोठार दिसतंय तिथे फोन असेल. पळ." अजित पळाला. उदय डॉक्टर होता, आपले पाय आपल्याला जाणवत नाहीत हे सगळ्यांत आधी त्यालाच समजलं. तो रडत नव्हता. काकूंकडे पाहत म्हणाला, "अचानक आला हो काकू. एकदम अचानक आला."

काकू म्हणाल्या, "हो बाबा. अचानक आला."

माझ्या माहितीत त्या बाईने उच्चारलेलं हे एकमेव खोटं. बर्फावर आडव्या पडलेल्या माणसाला त्यांनी ते दिलं, आपला पार्का दिला तसं. अँब्युलन्स येईपर्यंत त्या त्याच स्थितीत बसून होत्या. नंतर त्यांची बोटं सरळ होईनात, मी एकेक उघडली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही ते वाचलंत. मंडळाच्या वसंत अंकात 'एक दुर्दैवी सहल' म्हणून मजकूर आला. त्यात लिहिलं होतं, 'वाऱ्याच्या अचानक आलेल्या झोतामुळे'. काकूंचं नाव त्यात होतं: 'सौ. आगाशे यांनी अल्पोपाहाराची व्यवस्था पाहिली होती.' मी संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, काकूंनी स्वतःच तर अचानक म्हटलं, स्मिताने ऐकलंय." आणि तेवढ्यावर थांबले नाहीत लोक. ओक ट्री रोडवरच्या दुकानात, डाळींच्या पिशव्यांमागे उभी असताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं: "निघताना नाही नाही म्हणून त्या बाईने नाट लावला. उडणाऱ्याचं मन डळमळतं ना." बोलणारी बाई केमिस्ट्रीत डॉक्टरेट होती. म्हणजे वारा अचानक आला, आणि तरीही दोष जिने तो आधी सांगितला तिचा. दोन्ही एकाच तोंडाने.

हे सगळं काकूंच्या कानांवर गेलं. त्या एका शब्दाने भांडल्या नाहीत. उदयला पाहायला मात्र दर रविवारी जात राहिल्या, फॉइलची पुडी घेऊन. तो आता काठी घेऊन चालतो. उजवा पाय ओढतो. तासन्‌तास उभं राहून करायची सर्जरी त्याला सोडावी लागली. मागच्या महिन्यात मी त्याला हा मजकूर वाचून दाखवला. तो म्हणाला, "लिही. काकू नाही म्हणाल्या होत्या. मी ऐकलं होतं यार. हात माझाही वर होता."

मे महिन्यात काकूंनी मागच्या पायरीवर जाणं बंद केलं. मी विचारलं, वही कुठे आहे. म्हणाल्या, "कपाटात." ऑक्टोबरात घर विकायला निघालं. सामान बांधायला मी गेले होते, तेव्हा ती निळी वही मागितली. त्यांनी दिली नाही. "वही माझी. नक्कल करून घे." मी स्वयंपाकघरातल्या खोक्यावर बसून तीन ओळी उतरवून घेतल्या. त्या अशा:

'११.२०. लोकर समोरून. शेंड्यांवरचं बर्फ आणि ढगांच्या सावल्या मागून. उडू नये, असं सांगितलं.

११.४०. मत घेतलं. उडावं: चार. उडू नये: एक.

११.५२. उदय.'

तिसऱ्या ओळीत पुढे काही नाही. नुसतं नाव.

नोव्हेंबरात त्या निघाल्या. निरोप द्यायला दारात मंडळातले बरेच जण आले होते, तसे आपण यायला चुकत नाही. अजितही आला होता. त्याला वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं, पण वाईट वाटलं की तो विनोद करतो. सुटकेस गाडीत ठेवता ठेवता म्हणाला, "काय काकू, फ्लाइट वेळेवर सुटणार ना? आज वारा काय म्हणतो?"

काकूंचा हात सवयीने हातमोज्याकडे गेला. मोजा निघाला. मान किंचित वर झाली, गाल फिरला. मग त्यांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, दारातल्या त्या घोळक्याकडे, एकेक करून, त्या दिवशी हात मोजले होते तसं. आणि मोजा पुन्हा चढवला.

"तुम्ही मत घ्या बाबा," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

त्या काचेतून समोर पाहत होत्या. आकाशाकडे नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा. परवा फोन केला तर मुलाने उचलला. म्हटलं, काकू वारा पाहतात का तिकडे? तो म्हणाला, "नो. मॉम डझन्ट टॉक वेदर एनी मोअर. व्हाय, डिड समथिंग हॅपन?"

हो. झालं.

हा मजकूर संपादकांनी परत पाठवला, म्हणून मी तो माझ्या खर्चाने झेरॉक्स करून तुमच्या हातात देते आहे. तुमच्या घरी तो वसंत अंक आहे. टीव्हीखालच्या कप्प्यात, नाहीतर पूजेच्या पुस्तकांखाली. तो आज काढा. पान सात. 'अचानक' हा शब्द शोधा. पान फाडू नका, शाईने गिरबटू नका. एकच आडवी रेघ मारा, हलकी, खालचा शब्द वाचता येईल अशी. वर लिहा: 'अकरा वीसला सांगितलं होतं.' बाजूला आपली सही करा. आणि त्या पानाची झेरॉक्स पाकिटात घालून फ्रीमाँटला पाठवा. पत्ता माझ्याकडे आहे, मागा. पहिलं पान उदयचं गेलं आहे. दुसरं माझं.

आणि पुढच्या वेळी चार हात वर असतील आणि एकच माणूस "नको" म्हणत असेल, तेव्हा आपला हात खाली घ्या. आधी खाली घ्या. मग त्याला विचारा, तुला काय दिसतंय.